उठाव सत्त्याण्णव

माझ्या बावीस कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. त्या बावीस कथांवर मला एकूण तीन पत्रं आली. एक संपादकांचं, अंक पोस्टात गहाळ झाला असल्यास कळवावे असं सांगणारं. दुसरं वर्ध्याच्या एका गृहस्थांचं, त्यांना माझ्या नावाच्या कुणी डॉक्टरीणबाई हव्या होत्या. तिसरं माझ्या थोरल्या भावाचं. दादाने लिहिलं होतं, 'कथा वाचली. चांगली आहे. शेवटी ती बाई जगते का मरते ते समजलं नाही.' हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या स्वभावाचा हात मोठा आहे. यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो.

मी रंजिता नागापुरे. २०३५ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, आमच्या जिल्ह्याच्या उष्मा कक्षात मजकूर लेखक म्हणून लागले. आमचा जिल्हा पूर्व विदर्भातला, तिथलं ऊन आधीपासूनच नावाजलेलं. पण माझ्या लहानपणीचं ऊन कोरडं होतं. सत्तेचाळीस अंशांतही माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून शेजारच्या गावी जाऊन यायचा. पुढे त्या उन्हात ओल शिरली. माणसाचं अंग घाम आल्याने थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. हवाच ओली असली की घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच कोंडते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पारा वाचला की हवा किती घातक आहे ते कळतं. ऑफिसात आम्ही त्याला ओला पारा म्हणायचो. तो पस्तिशीला टेकला तर धडधाकट माणूस सावलीत बसून पाणी पीत असला तरी काही तासांत मरतो. उन्हात राबणाऱ्याला तर तिशीच्या थोडं पुढेच धोका.

गावोगावच्या शाळांत सरकारने थंड खोल्या बांधल्या होत्या. यंत्रं चालू होती, वीज होती, पिण्याचं पाणी होतं. माणसाने वेळेवर उठून तिथवर चालत जायचं, एवढंच बाकी होतं. आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं.

लोकांच्या फोनवर जाणारे उन्हाचे इशारे माझ्याआधी पिंपळशेंडे लिहायचे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, वीस वर्षं एकाच खुर्चीत. त्यांचा इशारा असा असायचा: 'उद्या दुपारी १२ ते ४ ओला पारा ३२. सकाळी ११:३० पूर्वी थंड खोलीत जावे. पाणी सोबत न्यावे.' शंभरातले अकरा जण जायचे.

"पिंपळशेंडे, हे वाचून कोण उठेल हो?" मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं. "रेशन कार्डाच्या मागच्या सूचना वाटतात."

"पण मॅडम, कुठं जायचं, किती वाजता जायचं, ते कळते ना?"

"कळतं. पण आत काही हलत नाही."

ते हसले. माझ्यासारख्या बायका त्यांनी बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

त्याच वर्षी नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून डॉ. बेहेरे आमच्याकडे मनगटी पट्टे घेऊन आल्या. काटकुळ्या बाई, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहायच्या. त्यांचा शोध सांगायला सोपा आहे. समजा, तुम्ही वाचलंत की बस सुटते आहे. पाऊल उचलायच्या आधी, जवळजवळ अर्धा सेकंद, मेंदूत त्या पावलाची तयारी सुरू होते. हाताच्या स्नायूंत अगदी बारीक विजेची थरथर येते, नाडी एक ठोका रेंगाळते, कातडीला किंचित ओल सुटते. तुम्ही प्रत्यक्षात उठा किंवा उठू नका, ही तयारी होते. पट्टा ती मोजायचा आणि शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा. त्या आकड्याला आम्ही नाव दिलं, उठाव.

मजकूर समजण्याचा आणि उठावाचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे त्यांनी हजारो वाचकांवर तपासलं होतं. समजणं मेंदूत एका वाटेने जातं, हलणं दुसऱ्या. पिंपळशेंड्यांचा इशारा वाचणाऱ्याला शंभर टक्के समजायचा, आणि त्याचा उठाव यायचा नऊ.

मजकूर लिहिणाऱ्या यंत्राचं काम पुढचं. गावोगाव वाटलेल्या पट्ट्यांतून प्रत्येक माणसाच्या नोंदी यायच्या. कोण कशाने हलतो ते यंत्र शिकायचं आणि एकच इशारा त्या त्या माणसासाठी वेगळा लिहायचं. पण कोरडी माहिती देऊन यंत्र रडवू शकत नाही, त्याला मूळ बियाणं लागतं. ते मी लिहायचे. नातवंडांचं बियाणं, भीतीचं बियाणं, लाजेचं बियाणं. एका गावच्या पाटलांना कशानेच फरक पडेना, तर मी लिहिलं, 'सगळं गाव थंड खोलीत जमलंय आणि तुमची खुर्ची तेवढी रिकामी आहे.' पाटील दहा मिनिटांत हजर.

पहिल्या उन्हाळ्यात शंभरातले त्र्याऐंशी लोक खोल्यांत गेले. आदल्या वर्षी जिल्ह्यात दोनशे बारा माणसं उन्हाने मेली होती. त्या वर्षी एकोणीस. जूनमध्ये तो आकडा आला तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पिंपळशेंड्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. मला वाटलं, बावीस कथा लिहून जे जमलं नाही ते आता जमतंय. माझ्या पडद्यावर प्रत्येक वाचकाच्या नावापुढे त्याच्या आत काय झालं ते दिसत होतं. कुठल्या लेखकाला हे मिळालंय? मी घरी जेवताना तोंडात घास ठेवून आकडे पाहत बसायचे.

पिंपळशेंड्यांनी एकच अट घातली. मजकूर काय वाटेल तो लिहा, पण शेवटची ओळ कोरडी ठेवायची. कुठे जायचं, किती वाजेपर्यंत, सोबत काय न्यायचं. त्या ओळीने उठाव पडायचा, दहा-वीस अंकांनी पडायचा. रंगात आलेल्या कीर्तनात मधेच कुणी चपला नीट ठेवा म्हणून ओरडावं, तशी ती ओळ मला खुपायची. पण मी मान्य केलं. मरणारी माणसं कमी झाली होती, वाद कशाला घालायचा.

*

एखादी गोष्ट चालते म्हटल्यावर ती आपल्यापुरती कोण ठेवतं? दुसऱ्या वर्षी पट्टे वीज मंडळाने घेतले, मग शाळांनी, दुकानांनी, पक्षांनी, लग्नं जुळवणाऱ्यांनी. साधी सूचना म्हणून काही उरलीच नाही. नळाला पाणी उशिरा येणार हे सांगणारा मजकूरही वाचणाऱ्याच्या घशात आवंढा आणायचा. बाजारात बाया उभ्या राहून साबणाचा निरोप वाचत डोळे पुसताना दिसायच्या. सुरुवातीला लोकांना त्याचं हसू यायचं, मग सवय झाली.

पाचव्या उन्हाळ्याच्या शेवटी पिंपळशेंडे एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. हाताने रेघा मारलेला तक्ता होता.

"मॅडम, उठाव वाढून राह्यला. पहिल्या वर्षी सरासरी एकसष्ट, यंदा बहात्तर."

"मग चांगलंच आहे की."

"खोल्यांत येणारे पाहा. त्र्याऐंशी, ऐंशी, चौसष्ट, बावन्न, एक्केचाळीस."

मी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग डॉ. बेहेरेंना फोन लावला. त्यांना हे आधीच ठाऊक होतं. बाकीच्या जिल्ह्यांतूनही असेच आकडे आले होते.

"पट्टा वाचतानाचा उठाव मोजतो," त्या म्हणाल्या. "वाचून झाल्यावर माणूस काय करतो ते त्याला कळत नाही. दाराची घंटा रोज चाळीस वेळा उगीचच वाजली तर माणूस काय करेल? उठेल आणि पुन्हा बसेल. पुढे पुढे बसल्या बसल्याच उठल्यासारखं करेल. लोकांची शरीरं आता तेच शिकली आहेत. हेलावून जाणं हेच त्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं."

"मग आपण पुन्हा साधं लिहू. पिंपळशेंड्यांसारखं."

"साध्या मजकुराचा उठाव गेल्या महिन्यात मोजला. दोन आला. लोकांना सगळं समजतं, रंजिताताई. विचारलं तर घडाघडा सांगतात. पण समजण्यापासून उठण्यापर्यंतची जी जुनी पायवाट होती, ती वापरात नाही. गवत माजलंय तिच्यावर."

खरं तर मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. मला मात्र राग आला. कमी पडतंय ते माझं लिखाण, असं मी धरून चालले. आणखी चांगलं लिहायचं, असं काही की माणसाला बसून राहणं अशक्य व्हावं. लेखकाला दुसरं काय सुचणार?

*

माझा दादा शालिक चिचटोला गावात तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होता. मे महिन्यात बाया पहाटेच जंगलात जाऊन बिडीची पानं तोडतात, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि अकराच्या सुमारास एका उघड्या मैदानावर वाळत घालतात. त्या मैदानाला फड म्हणतात. फडावर झाड ठेवत नाहीत, सावली पडली की पान डागाळतं. मुन्शी पुडकी मोजून वहीत लिहितो आणि मग बाया घरी जातात. चिचटोल्याच्या फडापासून शाळेतली थंड खोली दोन किलोमीटर, बाईमाणसाच्या चालीने अर्धा तास.

आमची माय त्याच फडावर जायची. दादा तेरा वर्षांचा आणि मी सात वर्षांची होते तेव्हा एका दुपारी ती फडावरून घरी आली, उंबऱ्यात बसली, आणि गेली. आम्हाला वाटलं, झोप लागली. आम्ही दोघं तिच्या शेजारी चिंचोके खेळत होतो. पुढे मला दादानेच वाढवलं. माझी वेणी त्याने घातली, शाळेचा फॉर्म त्याने भरला. मी गोष्टी लिहिते याचा त्याला कोण अभिमान. समजल्या नाहीत तरी अंक जपून ठेवायचा.

सहाव्या वर्षी, मेच्या चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता हवामानाचा अंदाज बदलला. बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल दुपारी येणार होती, ती लवकर सरकली होती. चिचटोल्याच्या भागात साडेबाराला ओला पारा तेहतीस. बाया पहाटे चारपासून राबत होत्या. त्यांनी पावणेबाराच्या आत फड सोडायला हवा होता.

फडावर आवाजाचा फोन लागत नाही, मजकूर तेवढा पोहोचतो. बायांच्या हातात पट्टे नव्हते. तोडताना पट्ट्यात पानांचा चीक जायचा म्हणून त्या काढून ठेवायच्या. फडावर पट्टा एकच, मुन्शीचा. म्हणजे एकवीस बायांचा जीव दादाच्या उठण्यावर. त्याला लिहायचा मजकूर मी यंत्रावर सोडला नाही. स्वतः लिहायला बसले.

'दादा, माय गेली त्या दुपारचं ऊन आठवतं? ती उंबऱ्यात टेकली तेव्हा तिच्या पायांना पानांचा वास येत होता. मी तांब्या नेला. तिने तो हातात घेतला आणि म्हणाली, आधी वासराले पाज. मी वासराला पाजून परत आले तेव्हा तांब्या तसाच तिच्या मांडीवर होता. आपण तिला हलवलं नाही. झोपू दे म्हणालो. दादा, मी पंचेचाळीस वर्षांची झाले, पण त्या उंबऱ्यातून अजून उठले नाही. आज आकाश तसंच पांढरं झालंय. तुझ्या दोन्ही लेकी उंबऱ्यात बसून तुझी वाट बघतायत.'

माय पाणी प्यायली होती. वासरू नव्हतंच, वासरू मी घातलं. तांब्या भरलेला राहिल्याशिवाय ते मनाला लागलं नसतं.

त्याखाली पिंपळशेंड्यांची ओळ होती: '११:४५ पूर्वी फड सोडा. सर्व बायांना घेऊन शाळेच्या थंड खोलीत जा. पाणी सोबत घ्या.' यंत्राकडे दादाच्या सहा वर्षांच्या नोंदी होत्या, त्यावरून ते अंदाज सांगायचं. अंदाज आला एकाहत्तर. मी शेवटची ओळ काढून पाहिली. चौऱ्याण्णव.

पिंपळशेंडे माझ्या मागेच उभे होते.

"ती ओळ राहू द्या, मॅडम."

"बघितलंत ना आकडा? तेवीस अंकांनी पाडते ती. लेकींवर येऊन थांबलं पाहिजे. त्यापुढे एक शब्द नको."

"भाऊ आहे ना तुमचा तो?"

"म्हणूनच काढतेय! त्याला उठवायचंय मला, वेळापत्रक नाही द्यायचंय. उष्मा कक्षाचा निरोप आला म्हणजे निघायचं, हे काय दादाला सांगायला हवं?"

"सांगायला हवं," ते म्हणाले.

एव्हाना कक्षाची प्रमुख मी झाले होते. मी ओळ काढली. अकरा वाजून वीस मिनिटांनी मजकूर पाठवला. चार मिनिटांनी दादाने वाचला आणि त्याच्या नावापुढे आकडा उमटला. सत्त्याण्णव. सहा वर्षांत जिल्ह्यात इतका उठाव कुणाचाच आला नव्हता. मी पिंपळशेंड्यांना बोलावून तो दाखवला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

अकरा तीसला आकडा पुन्हा हलला. एक्याण्णव. दादा तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचत होता. अकरा पन्नासला तिसऱ्यांदा, अठ्ठ्याऐंशी. मग मला कळेना. पट्ट्याची जागा फडावरच दिसत होती. मी लिहिलं, 'दादा, निघालास का?' त्याचं उत्तर आलं, 'काय लिहिलं गं बाई. सगळ्याच रडून राह्यल्या.'

सगळ्याच म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोवर बारा वाजून गेले होते. फडावर जुनी रीत आहे. मुन्शीकडे पत्र आलं, पेपर आला, निरोप आला की तो बायांना मोठ्याने वाचून दाखवतो. त्यांचे हात चिकाने काळे झालेले असतात, चष्मे घरी असतात, आणि दिवसभरात ऐकण्यासारखं तेवढं एकच असतं. लहानपणी मी मायच्या पाठीशी बसून मुन्शीचं वाचन ऐकलं होतं. मला ही रीत माहीत होती. पण माझ्या डोळ्यांसमोर फक्त दादा होता, आणि दादाच्या नावापुढचा आकडा.

मी लिहीत सुटले. 'निघा.' 'ताबडतोब निघा.' 'तेहतीस पारा आहे, निघा.' उठाव दोन. उठाव एक. दादाने प्रत्येक निरोप वाचला. एकाला उत्तरही दिलं: 'हो, समजलं.'

ते साडेबाराला फडावरून निघाले. दोन किलोमीटरच्या वाटेवर पहिली बाई पडली ती नाल्याच्या उताराला. दादा तिला खांद्यावर घेऊन चालला. शाळा दिसत होती तिथे तोही बसला. दादा आणि चार बाया, पाच जण गेले. जिल्ह्याच्या हिशेबात त्या वर्षी ही फार मोठी संख्या नव्हती.

*

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. आठवड्याभरात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. उठाव सत्त्याण्णवचा मजकूर सर्व जिल्ह्यांना नमुना म्हणून पाठवण्यात येत आहे. पत्रात कुणी मेल्याचा उल्लेख नव्हता. तो विभाग वेगळा. मजकूर लोकांपर्यंत पोहोचला आणि मला निरोप येऊ लागले. एकोणीसशे आले. कुणाला आपली आई आठवली होती, कुणी तो तांब्या विसरू शकत नव्हतं. सोलापूरच्या एका बाईने लिहिलं की तिने तो मजकूर फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय. मी ते सगळे निरोप वाचले. रडत वाचले, दादाचं नाव घेत वाचले, पण एकही सोडला नाही.

पिंपळशेंड्यांनी त्या काळात कक्ष चालवला. त्यांनी यंत्र बंद केलं आणि आपले जुने इशारे पाठवले. ठिकाण, वेळ, पाणी. शंभरातले तीन जण खोल्यांत गेले. मग त्यांनी माझं बियाणं वापरून पाहिलं, शेवटी आपली ओळ जोडून. छत्तीस. पुढच्या आठवड्यात एकतीस.

"आता काय करायचं?" मी त्यांना विचारलं.

"काय करणार," ते म्हणाले. खिशातली दोन्ही पेनं काढून त्यांनी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलून खिशाला लावली. "मी तर आता घरोघरी जाऊन हाताला धरून उठवावं म्हणतो. आपल्या जिल्ह्यात माणसं किती, बावीस लाख?"

डॉ. बेहेरेंनाही मी विचारलं, ती जुनी पायवाट परत केव्हा तयार होईल. त्या म्हणाल्या, पट्टे आज सगळीकडे बंद केले तर एखाद्या पिढीत. पट्टे कुणी बंद करणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

*

दादाच्या तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी वहिनीकडे गेले. कुंदावहिनी, दादाची बायको. त्या दिवशी तीही फडावर होती आणि शाळेपर्यंत पोहोचली होती. तेरवीला माणसांच्या गर्दीत आमचं बोलणं झालं नव्हतं. मी वाटेभर ठरवत गेले होते, ती मला काय म्हणेल ते. तिने शिव्या द्याव्यात, दारातून हाकलावं, असंच मला वाटत होतं. त्याची मला गरज होती.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने सूप बाजूला सारलं आणि जागा केली. धाकटी पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

"वहिनी, त्या दिवशी काय झालं ते मला सांग."

"काय सांगू बाई." हातातला खडा तिने अंगणात टाकला. "यायनं पयले मनात वाचलं. मंग डोळे पुसले अन् हाक मारली. बायाहो, इकडं या, माह्या बहिणीनं मायबद्दल लिहिलं हाये. सगळ्या जमल्या. कोणाच्या डोक्यावर गठ्ठा तसाच. रडल्या व माय सगळ्या. मंग सखूबाय म्हणाली, पाणी पेली होती तुई सासू, मी होती ना तिथं. वासरू कुठलं, म्हणे, यायच्या घरी ढोरच नव्हतं. त्याच्यावरून बोलणं निघालं. कोणाची माय कशी गेली, ते सांगत बसल्या. मंग पुन्हा वाचा म्हणाल्या. यायनं वाचलं."

सखूबाई नाल्याच्या उताराला पडलेली पहिली बाई. दादाने खांद्यावर घेतली ती तीच.

"वहिनी, ते माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मी लिहायला नको होतं तसं."

"काहून? किती चांगलं लिहिलं. यायले तर येवढा आनंद झाला होता. म्हणाले, पाह्य, माह्या बहिणीचं पयल्यांदा मले सगळं समजलं."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं काही नवरा माझा गेला होता. मग तिने पोरीच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"एक इचारू काय, रंजिता? त्याच्यात आमाले निघायचं सांगितलं होतं काय?"

बारानंतरचे 'निघा' दादाने त्यांना वाचून दाखवलेले दिसत नव्हते. मी फोन काढला. मजकूर मला तोंडपाठ होता, तरी पहिल्या शब्दापासून वाचला. पानांचा वास, तांब्या, वासरू, उंबरा, लेकी. पुन्हा वाचला.

"नाही," मी म्हणाले. "तसं त्यात कुठेच नव्हतं."

वहिनीने मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झालेला मी पाहिला.

"मंग बरं," ती म्हणाली. "मले वाटून राह्यलं होतं, तू सांगितलं अन् आमीच ऐकलं नाही."